नेट मधूनच मंदावतं तेव्हा: राऊटर बंद-चालू करण्याआधी करायची तपासणी

नेट पूर्ण बंद पडलं तर दोष शोधणं सोपं असतं. दिवसभर नीट चालून रात्री नऊला अडकणारं, दहा मिनिटांनी आपोआप सुधारणारं नेट मात्र भल्याभल्यांना चकवतं, कारण तपासायला बसावं तेव्हा सगळं सुरळीत असतं. मग घरोघरी तेच होतं. आधी राऊटर बंद-चालू, मग मोठा प्लॅन, मग रेंज वाढवणाऱ्या एक्स्टेंडरची खरेदी आणि शेवटी तक्रार. हा क्रमच उलटा आहे. वायफायचा दोष असताना प्लॅन वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

राऊटर बंद-चालू केल्याने बऱ्याचदा बरं वाटतं, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. बंद करताच राऊटरमधली नोंदवही बहुधा पुसली जाते, तो किती वेळ सलग चालू होता हे कळत नाही, आणि पुन्हा चालू होताना तो वायफायचा चॅनेल नव्याने निवडतो. दोष गेला असं वाटतं, पुरावा मात्र खरंच गेलेला असतो. म्हणून खालचे टप्पे संपेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.

तयारी: आधी एवढं जमवा

लॅन पोर्ट (वायरने नेट जोडायची जागा) असलेला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप हवा. नव्या पातळ लॅपटॉपना तो पोर्ट नसतो, त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर मिळतं. एक नवी, तयार टोकांची, दोनेक मीटरची कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रकारची लॅन केबल घ्या. घरात पडलेली जुनी केबल तपासणीला वापरू नका, ती स्वतःच संशयित आहे. वही-पेन. राऊटरच्या सेटिंगचं युजरनेम आणि पासवर्ड, जो बहुतेक वेळा राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो.

शिवाय प्लॅनचा डाउनलोड आणि अपलोड वेग वेगवेगळा लिहून ठेवा. महिन्याची डेटा मर्यादाही बघा. ‘अनलिमिटेड’ म्हणवणाऱ्या बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग खाली येतो तो महिना संपेपर्यंत. असा मंदपणा मधूनमधून येत-जात नाही, तेव्हा तो प्रश्न आधीच वेगळा काढा.

घरात येणारी वायर कुठे संपते तेही पाहा. फायबर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. आपण त्याला सवयीने मोडेम म्हणतो. काही घरांत ओएनटी आणि वायफाय राऊटर एकच डबा असतो, काही घरांत दोन. स्थानिक केबलवाल्याच्या काही जोडण्यांत घरात ओएनटी नसतोच. जिन्यातल्या पेटीतल्या स्विचमधून थेट लॅन केबल घरात येते. पुढे वीज गेल्यावर काय होतं ते ठरतं या फरकावर.

इशारा: राऊटरच्या सेटिंगमध्ये जाण्यापूर्वी इंटरनेट आणि वायफायच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मागच्या बाजूची रिसेटची बारीक भोकवाली कळ दाबू नका. काही जोडण्यांत कंपनीने दिलेलं युजरनेम त्यामुळे उडतं आणि मग लाईनमन येईपर्यंत नेट बंद.

टप्पा १: ‘स्लो’ म्हणजे नक्की काय, ते लिहा

तीन-चार दिवस काहीही न बदलता फक्त नोंद करा. नोंद अशी हवी: ‘मंगळवार, रात्री ९.४०. हॉलमधला टीव्ही अडकला. बेडरूममधल्या लॅपटॉपवरही पानं उघडत नव्हती. आईचा फोन नुकताच चार्जिंगला लावला होता. पाऊस नाही. ९.५५ ला ठीक.’ चार्जिंगला लावलेल्या फोनचा इथे काय संबंध, ते सहाव्या टप्प्यात कळेल. नुसतं ‘संध्याकाळी नेट स्लो’ लिहिलंत तर ती नोंद ना तुमच्या कामाची, ना तंत्रज्ञाच्या.

प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपा: एकच उपकरण अडकलं की सगळी, वायफायवरचीच की वायरवरचीही, नेमकी वेळ, आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं. ऑफिसचं व्हीपीएन (घरातून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) चालू होतं का, हेही लिहा. फक्त व्हीपीएन चालू असतानाच अडकत असेल तर दोष बहुधा ऑफिसच्या बाजूला आहे, घरभर शोधून काही हाती लागणार नाही.

तपासा: एकक बरोबर वाचताय ना? प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, ब्राउझर डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट हाच पूर्ण वेग. ‘शंभरचा प्लॅन आणि मिळतात बाराच’ अशा तक्रारी आजही होतात.

टप्पा २: तीन पिंग एकाच वेळी चालू ठेवा

या कामात स्पीड टेस्ट जवळजवळ निरुपयोगी आहे. ती अर्धा-एक मिनिटाचा वेग सांगते. दोष त्या मिनिटात नसला तर आकडा उत्तम येतो आणि तुम्ही अजून गोंधळता. इथे कामाला येतं साधं पिंग. डेटाचं एक छोटं पाकीट पाठवायचं, ते परत यायला किती मिलिसेकंद लागले ते बघायचं, आणि हे तासन् तास चालू ठेवायचं.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाईप करा. ‘डीफॉल्ट गेटवे’समोर दिसतो तो तुमच्या राऊटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग ‘ट्रेसर्ट’ (tracert) ही आज्ञा आणि पुढे जागा सोडून इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता द्या. जी यादी येते तिच्या पहिल्या ओळीत तुमचा राऊटर असतो. दुसऱ्या ओळीत साधारणपणे कंपनीचं पहिलं यंत्र. तो पत्ता १०० किंवा १० ने सुरू झाला तर घाबरू नका, बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. दुसरी ओळही १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरात एकामागे एक दोन राऊटर असण्याची शक्यता मोठी. आठवा टप्पा तुमच्यासाठी आहे.

आता कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. प्रत्येकीत ‘पिंग’ (ping) ही आज्ञा आणि पुढे जागा सोडून पत्ता द्यायचा. पहिलीत राऊटरला पिंग, दुसरीत कंपनीच्या पहिल्या यंत्राला, तिसरीत ८.८.८.८ ला. विंडोजमध्ये आज्ञेच्या शेवटी जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी हे इंग्रजी अक्षर दिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. मॅकवर ते आपसूक चालू राहतं. कंपनीचं पहिलं यंत्र पिंगला उत्तरच देत नसेल तर यादीतलं उत्तर देणारं पुढचं यंत्र घ्या. खिडक्या शेजारी शेजारी मांडा, घड्याळ दिसेल असं बघा, आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवून त्याची झोप बंद करा. हे करायचं राहून जातं आणि रात्रीत लॅपटॉप झोपल्याने ‘नेट तुटलं’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

ही पहिली फेरी वायफायवरच करा, जिथे त्रास होतो त्याच खोलीत. ज्यांना खिडक्यांकडे बघत बसणं नको असेल त्यांच्यासाठी विंडोजवर विनएमटीआर नावाचं मोफत साधन आहे. ते वाटेतल्या प्रत्येक यंत्राचा हिशेब एकाच तक्त्यात मांडतं.

टप्पा ३: आकडे वाचायचे कसे

चांगल्या वायफायवर राऊटरचं पिंग २ ते १० मिलिसेकंदांत येतं, वायरवर एकाच्या आसपास. दोष आला की पहिल्या खिडकीत असं काही दिसतं: २, ३, २, २, १८७, ४१२, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, ९६, ३, २. मधला तो उसळलेला भाग म्हणजेच तुमचा अडकलेला व्हिडिओ. सरासरी बघू नका. हजार पिंगांत वीस बिघडले तरी सरासरी जेमतेम हलते, पण व्हिडिओ कॉल तेवढ्यात तुटतो.

पहिली खिडकी उसळली तर दोष घरात आहे: वायफाय, राऊटर किंवा तो लॅपटॉप. कंपनीचा यात काही संबंध नाही, फोन करू नका. चौथ्या टप्प्याला जा.

पहिली शांत आणि दुसरी-तिसरी उसळली तर दोष राऊटरच्या पलीकडे आहे, किंवा घरातलंच कुणीतरी लाईन भरून टाकतंय. लोक इथे घाई करून कंपनीला दोष देतात. आधी सहावा टप्पा करा, मग नववा.

पहिल्या दोन शांत, तिसरीच उसळली तर कंपनीच्या पुढच्या वाटेवर गर्दी आहे. रात्री ८ ते ११ मध्ये रोज हेच दिसत असेल तर घरात काही करण्यासारखं फार नाही, नोंदी जमवा.

तिन्ही शांत असूनही पानं उघडत नसतील तर संशयित म्हणजे डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा), व्हीपीएन किंवा ती एकच वेबसाइट.

इशारा: ट्रेसर्टच्या मधल्या ओळींत तारका किंवा मोठा आकडा दिसला आणि पुढच्या ओळी ठीक असल्या, तर तो दोष नव्हे. वाटेतली बरीच यंत्रं पिंगला उत्तर देण्याचं काम सवडीने करतात. असा स्क्रीनशॉट घेऊन भांडायला गेलात तर पलीकडचा जाणकार माणूस तो लगेच बाजूला ठेवेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

टप्पा ४: आता वायर लावा

लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नवी केबल थेट राऊटरला लावा, आणि त्रासाच्या त्याच वेळी तीन खिडक्या पुन्हा चालवा. वायफाय बंद करायला विसरलात तर केबल लावूनही तपासणी कशाची झाली ते सांगता येणार नाही.

वायरवर राऊटरचं पिंग सपाट आणि वायफायवर उसळणारं, तर गुन्हेगार वायफाय. वायरवरही राऊटरचं पिंग उसळत असेल तर राऊटर, त्याचा अडॅप्टर किंवा पोर्ट संशयित. सातव्या टप्प्यावर उडी मारा.

टप्पा ५: वायफायचा दोष

घरातले बहुतेक मधूनमधूनचे दोष इथेच निघतात, म्हणून इथे सावकाश जा. नियम एकच: एका वेळी एक बदल, आणि बदलानंतर निदान एक संध्याकाळ पिंग.

आधी बँड वेगळे करा. हल्लीचे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने देतात. फोन मनाला येईल तेव्हा एकावरून दुसऱ्यावर जातो आणि तुम्हाला कळतही नाही. तपासणीपुरती दोन वेगळी नावं द्या. त्रास फक्त २.४ वर असेल तर अर्धं काम झालं.

मग सिग्नल मोजा. फोनवरच्या कांड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही अॅप डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात, आकडा देतं. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की तो दिसतो. आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी अॅपमध्ये वायफाय स्कॅनर आहे, पण तो आधी सेटिंगमधून चालू करावा लागतो. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत चालतं. उणे ७५ च्या खाली तक्रारी सुरू होतात, उणे ८० ला तुटतं. आकडा उणे असल्याने ८० हा ५० पेक्षा वाईट. हे उलटं वाचणारे बरेच भेटतात.

२.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘तीन नंबर रिकामा दिसतोय’ म्हणून तीनवर जाणं ही नेहमीची चूक. तिथे बसलात की एक आणि सहा दोन्हींकडून त्रास होतो आणि तुम्हीही त्या दोघांना त्रास देता. सोसायटीत अॅपवर पंधरा-वीस नावं दिसत असतील तर २.४ मध्ये मोकळी जागा मिळणारच नाही. टीव्ही, लॅपटॉप, फोन ५ वर न्या. २.४ वर फक्त गिझरचा स्मार्ट स्विच, बल्ब, जुना प्रिंटर असली मंडळी राहू द्या.

५ गिगाहर्ट्झवरही एक फसवी जागा आहे. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की अनेक राऊटर तो चॅनेल सोडतात आणि नव्या जागी जाण्याआधी किमान मिनिटभर नुसते ऐकत बसतात. तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीतून गायब. विमानतळाच्या किंवा हवामान रडारच्या आसपास राहत असाल आणि वायफाय एक-दोन मिनिटांसाठी पूर्ण नाहीसं होऊन परत येत असेल, तर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये बांधून टाका.

राऊटरची जागा: टीव्हीच्या बंद कपाटात, लोखंडी कपाटामागे, आरशामागे, फिश टँकजवळ नको. शोभेसाठी तो लपवायचा आणि मग एक्स्टेंडर विकत घ्यायचा, हे दोन-दोनदा पैसे घालणं आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. जेवण गरम करण्याच्या वेळी २.४ वरचं नेट अडकत असेल तर आणखी पुरावा नको. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा डॉक याचा मात्र कुणाला संशय येत नाही. त्यांच्या केबलमधून निघणारा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो. डिस्क लावली की त्या लॅपटॉपचंच वायफाय मंदावतं का, हे एकदा पाहा.

एक्स्टेंडर असेल तर त्याची जागा तपासा. जिथे रेंज नाही त्याच खोलीत तो लावला जातो, आणि मग त्यालाच खराब सिग्नल मिळतो, तो पुढे काय देणार? तो अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून उणे ६५ च्या आसपास आहे, तिथे हवा. एकाच रेडिओवर घेऊन त्याच रेडिओवर देणारा एक्स्टेंडर वेग साधारण निम्मा करतो, हे गृहीत धरा. जमत असेल तर लॅन केबल ओढून टोकाला दुसरा राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे नुसतं वायफाय पुरवण्यापुरता, लावा. केबल ओढायला कंटाळा येतो, पण यापेक्षा टिकाऊ उपाय नाही.

तपासा: खोली बदलल्यावर फोन जुन्याच, दूरच्या सिग्नलला चिकटून राहतो का? त्याच जागी फोनचं वायफाय बंद-चालू केल्यावर लगेच सुधारत असेल तर दोष या चिकटण्याचा आहे, लाईनचा नव्हे.

टप्पा ६: अपलोड कोण भरतंय?

हा दोष सगळ्यात जास्त चुकीचा ओळखला जातो, कारण सगळे डाउनलोडकडे बघतात. अपलोडची वाट भरली की राऊटर किंवा ओएनटी पाकिटांची लांबच लांब रांग लावतो. रेशनच्या दुकानात तुमच्या पुढचा माणूस अख्ख्या चाळीचं धान्य घ्यायला उभा राहावा, तसं तुमचं इवलंसं ‘हे पान उघड’ त्या रांगेत ताटकळतं. डाउनलोड मोकळं असलं तरी मागणीच वर पोचत नाही, म्हणून सगळंच मंद वाटतं.

परीक्षा सोपी. वायरवर ८.८.८.८ चं पिंग चालू ठेवा, समजा २० मिलिसेकंद येतंय. आता एक मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर चढवायला लावा. पिंग ३०-४० झालं तर हरकत नाही. तीनशे-चारशे झालं आणि अपलोड थांबवताच पुन्हा २० वर आलं, तर तुमचा दोष सापडला.

आता भरणारा शोधा. फोटोंचा बॅकअप अनेक फोन चार्जिंगला लावल्यावर आणि वायफायवर असताना जोमाने करतात. आईच्या फोनची नोंद आठवा. सुट्टीत काढलेले हजारभर फोटो असे रात्री नऊला वर चढत असतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा रोजचा बॅकअप पहाटे दोनच्या सुमाराला होतो, उशिरापर्यंत जागून काम करणाऱ्यांनी तेही पाहावं. क्लाउडवर साठवणारा सीसीटीव्ही कॅमेरा साधारण १ ते ४ एमबीपीएस सतत वर पाठवू शकतो. असे चार कॅमेरे आणि १० चं अपलोड, हिशेब तुम्हीच करा. विंडोज अपडेटमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची सोय आहे. तिच्यात इंटरनेटवरच्या इतर पीसींना अपडेट पुरवण्याची परवानगी दिलेली असेल तर ती काढून घ्या.

उपाय दोन. जड बॅकअप रात्री उशिरावर ढकला, कॅमेऱ्यांचं रेझोल्युशन कमी करा. दुसरा उपाय राऊटरमध्ये: क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सोय असेल तर अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडायचा, पण रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राऊटरच्या ताब्यात राहते. पूर्ण १०० टक्के लिहिलेत तर काहीच फरक पडणार नाही.

इशारा: अनोळखी उपकरणं नेट खाताहेत असा संशय असेल तर राऊटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी बघा आणि वायफायचा पासवर्ड बदला. मात्र हा बदल तपासणीच्या मधोमध नको. घरातली सगळी उपकरणं तुटतील आणि सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

टप्पा ७: केबल, वीज, उष्णता

प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि वायरवरची स्पीड टेस्ट कायम ९३-९५ ला अडकत असेल, तर ती जोडणी १०० वर चालली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार सैल झाली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि ती तार मध्येच लागत-सुटत असेल तर नेट कधी वेगवान, कधी रडतखडत. केबलचं प्लास्टिकचं टोक (आरजे-४५) हातात घेऊन उजेडात बघा. बाहेरचं आवरण क्लिपच्या आत दाबलेलं आहे का, की नुसत्या रंगीत तारा बाहेर लोंबताहेत? लोंबत असतील तर टोक कापून नवं क्रिम्प करून घ्या. राऊटरचा पोर्टच १०० चा नाही ना, तेही त्याच्या माहितीपत्रकात पाहा. स्वस्त राऊटरमध्ये तसा असतो.

राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘अपटाइम’ दिसतो. तुम्ही बंद केलेला नसताना तो दोन तासांचाच दिसत असेल तर राऊटर आपणहून पुन्हा सुरू होतोय. पहिला संशय अडॅप्टरवर. जुना अडॅप्टर भार आला की व्होल्टेज टिकवत नाही. बदलताना व्होल्ट अगदी तोच हवा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त.

इशारा: सेट-टॉप बॉक्सची पिन राऊटरमध्ये बसते म्हणून तो अडॅप्टर लावू नका. पिन सारखी असली तरी व्होल्टेज वेगळं असू शकतं आणि राऊटर जळतो.

लाईट गेल्यावर राऊटर इन्व्हर्टरवर असूनही नेट जातं? मेनवरून इन्व्हर्टरवर जाताना काही इन्व्हर्टर क्षणभर खंड पाडतात आणि तेवढ्यात राऊटर पुन्हा सुरू होतो. त्यावर राऊटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस पुरतो. पण तुमची लाईन जिन्यातल्या स्विचमधून येत असेल आणि तो स्विच इमारतीच्या लाईटवर असेल, तर घरात कितीही बॅटऱ्या लावा, उपयोग नाही. उन्हाळ्यात दुपारीच त्रास होत असेल तर राऊटरच्या पाठीला हात लावून बघा. चटका बसत असेल तर तो कपाटातून बाहेर काढा आणि एक दिवस उघड्यावर चालवून पिंग घ्या.

टप्पा ८: दोन राऊटर आणि डीएनएस

जुना राऊटर रेंज वाढवायला दुसऱ्या खोलीत लावलाय? घरातल्या तीन-चार उपकरणांवर गेटवेचा पत्ता वाचा. सगळीकडे एकच हवा. वेगळे दिसले तर दोन्ही राऊटर पत्ते वाटताहेत आणि कोणतं उपकरण कुणाकडून पत्ता घेईल याचा नेम नाही. मुख्य राऊटरच तेवढा पत्ते वाटेल असं करा, दुसऱ्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका.

डीएनएसचं लक्षण ओळखीचं असतं: पान उघडायला आठ-दहा सेकंद, एकदा उघडलं की मात्र झरझर. राऊटरमध्ये डीएनएसचे पत्ते ८.८.८.८ आणि १.१.१.१ करून एक दिवस बघा. याने डाउनलोडचा वेग वाढत नाही, कुणी काहीही सांगो.

टप्पा ९: लाईन, आणि तक्रार कशी करायची

इथे यायचं ते वायरवर, अपलोड मोकळं असताना, पहिली खिडकी शांत आणि दुसरी उसळलेली असेल तरच.

ओएनटीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल किंवा पॉन नावाच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे फायबरमधून घरात पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असते. घरगुती फायबरला तो आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएममध्ये चालतो, पण उणे २५ च्या पलीकडे गेलात की काठावर आहात. सकाळी, रात्री आणि पाऊस पडत असताना तो वाचून लिहा. ३ ने उतरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. पावसातच उतरत असेल तर बाहेरच्या जॉइंट बॉक्सकडे बोट दाखवायला आधार मिळतो.

मग पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड डोळ्यांनी तपासा. टीव्ही युनिटमागे ती खिळ्याच्या क्लिपखाली चेंगरलेली, केबल टायने करकचून बांधलेली किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात मोडलेली सापडते. साध्या फायबरला साधारण ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण नको. हिरव्या टोकाच्या सॉकेटमध्ये निळ्या टोकाची कॉर्ड खुपसलेली दिसली तर ती बदलून मागा. हिरव्याची टोकं तिरकी घासलेली असतात, निळ्याची नसतात, दोघं नीट भिडत नाहीत.

इशारा: फायबरचं टोक स्वतः उपसू नका आणि त्यात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे. शिवाय टोकावर धूळ बसली की नवाच दोष तयार.

आता तक्रार. ‘नेट स्लो आहे’ म्हणालात की पलीकडून ‘राऊटर बंद करून चालू करा’ हेच येणार. त्याऐवजी सांगा: ‘वायफाय बंद ठेवून लॅन केबलवर तपासलं. राऊटरचं पिंग एक मिलिसेकंद, तुमच्या पहिल्या यंत्राचं रात्री ९ ते १०.३० मध्ये तीनशेच्या वर, आरएक्स पॉवर सकाळी उणे २२, रात्री पावसात उणे २७.’ अशा माहितीवर तक्रार पुढच्या पातळीवर जाण्याची शक्यता खूप वाढते. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मुदतीत निकाल लागला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे डॉकेट नंबर लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही.

तंत्रज्ञाला शक्यतो त्रासाच्या वेळीच बोलवा. दुपारी बाराला आला तर त्याला सगळं ठीकच दिसेल, तेव्हा वही आणि खिडक्यांचे स्क्रीनशॉट समोर ठेवा. त्याने टोक बदललं, सांधा नव्याने केला, काहीही केलं, तरी तो दारात असतानाच आरएक्स पॉवर पुन्हा वाचून वहीत लिहा. बऱ्याच ठिकाणी तक्रार बंद करायला तुमच्या फोनवर ओटीपी येतो आणि तो भिडेपोटी लगेच सांगितला जातो. आकडा सुधारलेला दिसेपर्यंत तो देऊ नका. दोष रात्रीचाच असेल तर सरळ म्हणा, ‘दादा, आज रात्रभर पिंग चालवतो, ठीक निघालं तर उद्या सकाळी फोनवर ओटीपी सांगतो.’